राज्यपालांचा कार्यभार सांभाळणाऱ्या न्यायमूर्तींचे आभार कसे मानावेत?

सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी ऑक्टोबर १९८७ मध्ये राजस्थानचे राज्यपालपद सोडले, तेव्हा जयपूरला लगेच नवा राज्यपाल आला नाही. फेब्रुवारी १९८८ पर्यंत त्या पदाचे काम राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी पाहिले. दादांची कारकीर्द सांगलीत सगळ्यांना तोंडपाठ असते. दादांनंतर त्या खुर्चीची जबाबदारी कोणी उचलली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आणखी मागे गेले तर आपल्या सातारा-सांगली भागाचा या व्यवस्थेशी असलेला संबंध जास्तच जवळचा दिसतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि देवराष्ट्रात जन्मलेले, कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्या दिवशी राज्यपालांचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला पाहत होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि सातारा-सांगलीतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. महिनाभर आधीच राज्यपाल पी. सुब्बरायन यांचे निधन झाले होते, आणि त्यांच्या जागी मुख्य न्यायमूर्ती एच. के. चैनानी काम करत होते. राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती. म्हणजे या विद्यापीठाच्या पहिल्या दिवसांत त्या पदाचा भार एका न्यायमूर्तींच्या खांद्यावर होता. पुढे १९६९ मध्ये राज्यपाल पी. व्ही. चेरियन यांचे निधन झाल्यावर एस. पी. कोतवाल यांनी, आणि डिसेंबर १९७६ मध्ये अली यावर जंग यांचे निधन झाल्यावर आर. एम. कांटावाला यांनी हेच काम केले.

अशा सेवेबद्दल संस्थांनी, वकील संघटनांनी, नागरिकांनी कृतज्ञता व्यक्त करावी, हे योग्यच आहे. पण हा माणूस काही आठवड्यांनी पुन्हा न्यायासनावर बसणार असतो. म्हणून इथे आभार मानण्यालाही पथ्य आहे. ते पथ्य समजायचे तर आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहावे लागते.

पद रिकामे पडले की काय होते

गावात सरपंच नसले की उपसरपंच असतात. राज्यात उपराज्यपाल नसतो. दिल्ली, पुदुच्चेरी, जम्मू-काश्मीर अशा केंद्रशासित प्रदेशांत ‘नायब राज्यपाल’ असतात, पण ते पद वेगळे. देशाच्या पातळीवर राष्ट्रपतींच्या जागी उपराष्ट्रपती काम पाहतात आणि तेही नसतील तर सरन्यायाधीश, अशी पुढची साखळी कायद्याने ठरलेली आहे. १९६९ मध्ये हा कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतीपदाचे काम केलेही. राज्यपालांसाठी अशी ठरलेली साखळी नाही.

राज्यपालांचा कार्यकाळ संपला एवढ्याने खुर्ची रिकामी होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५६ प्रमाणे पाच वर्षे संपली तरी पुढचा राज्यपाल रुजू होईपर्यंत आधीचेच काम पाहतात. पेच पडतो तो मृत्यू, राजीनामा, दीर्घ आजार किंवा अनुपस्थिती अशा वेळी. त्यासाठी अनुच्छेद १६० आहे. राज्यघटनेच्या त्या प्रकरणात ज्याची तरतूद नाही असा प्रसंग उद्भवला, तर राज्यपालांची कार्ये पार पाडण्यासाठी राष्ट्रपती योग्य वाटेल ती व्यवस्था करू शकतात, एवढेच तो सांगतो. मुख्य न्यायमूर्तींचा त्यात उल्लेखही नाही. त्यांच्याकडे काम सोपवणे ही रीत आहे, सक्ती नाही.

अलीकडे दुसरा मार्ग जास्त वापरला जातो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक राज्यांचे राज्यपाल नेमण्याची मुभा दिली, आणि शेजारच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार देण्याची प्रथा रुळली. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर महाराष्ट्राचा कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे आला तो असाच. त्यामुळे आभाराचे पत्र लिहायला बसण्याआधी काम न्यायमूर्तींनी पाहिले की दुसऱ्या राज्यपालांनी, हे राष्ट्रपती भवनाच्या आदेशावरून किंवा राजपत्रातून तपासून घ्यावे. वर्तमानपत्रे दोघांनाही ‘प्रभारी राज्यपाल’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

काम सोपवले की आधी शपथ. अनुच्छेद १५९ मध्ये ‘राज्यपालांची कार्ये पार पाडणारी प्रत्येक व्यक्ती’ असा स्पष्ट उल्लेख आहे. ही शपथ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर घ्यायची असते. शपथ घेणारे स्वतःच मुख्य न्यायमूर्ती असतील तर त्यांच्यानंतरचे सर्वांत ज्येष्ठ उपलब्ध न्यायमूर्ती ती देतात. न्यायाधीशाची शपथ भीती, मेहेरनजर, ममत्व आणि आकस यांपासून दूर राहण्याची असते. राज्यपालांच्या शपथेत राज्यघटना आणि कायदा यांचे रक्षण करण्याबरोबर राज्यातील जनतेच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेण्याचे वचन आहे. न्यायमूर्ती हे दुसरे वचन पहिल्याच्या जोडीला घेतात, आणि माझ्या मते आभार मानण्याजोगे जे आहे ते इथून सुरू होते.

मग उच्च न्यायालयाचे काय? अनुच्छेद २२३ प्रमाणे राष्ट्रपती तिथल्याच दुसऱ्या न्यायमूर्तींकडे मुख्य न्यायमूर्तींची कर्तव्ये सोपवतात. राज्यपालांचे काम पाहण्याच्या काळात मुख्य न्यायमूर्तींना राज्यपालांचे वेतन, भत्ते आणि सवलती मिळतात. राष्ट्रपतींच्या विनंतीवरून केलेले हे काम न्यायाधीश म्हणून केलेल्या प्रत्यक्ष सेवेतही धरले जाते. दोन्ही गोष्टी घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेल्या आहेत. तेव्हा ‘फुकट राबले’ अशा सुरात लिहू नये, ते खरे नाही.

दोन टोप्या एका डोक्यावर का चालत नाहीत

आपल्या दोन जिल्ह्यांना हे समजायला ताजे उदाहरण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. ज्या कायद्याखाली हे झाले, त्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) नुसार असे ठिकाण मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, पण राज्यपालांच्या मान्यतेने. आता कल्पना करा, त्याच वेळी राज्यपालपद रिकामे असते आणि मुख्य न्यायमूर्तीच तो कार्यभार पाहत असते, तर? ठरवणारे आणि मान्यता देणारे एकच झाले असते. अनुच्छेद २२३ ची तरतूद म्हणूनच महत्त्वाची. त्या काळात ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या न्यायमूर्तींच्या हातात जातो.

असे सांधे आणखी आहेत. सातारा किंवा सांगलीचे जिल्हा न्यायाधीश नेमण्याचा अधिकार अनुच्छेद २३३ प्रमाणे राज्यपालांचा, पण उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीत राज्यपालांशी सल्लामसलत होते. शिक्षामाफीचा अधिकार अनुच्छेद १६१ प्रमाणे राज्यपालांकडे, आणि ती शिक्षा कदाचित त्याच न्यायालयात कायम झालेली. विधेयकाला संमती राज्यपाल देतात आणि तोच कायदा पुढे उच्च न्यायालयात आव्हानाला येतो. कार्यभार संपवून परत आलेल्या न्यायमूर्तींना अशा प्रकरणांतून स्वतः बाजूला व्हावे लागते.

आता आभाराच्या पत्राकडे या. यातल्या एखाद्या निर्णयाबद्दल तुम्ही आभार मानलेत, तर दोन चुका एकदम होतात. पहिली, तो निर्णय बहुतेक वेळा त्यांचा नसतोच. अनुच्छेद १६३ प्रमाणे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात ते ठामपणे सांगितले आहे. अध्यादेश निघाला, नेमणूक झाली, अनुदान मिळाले, तर श्रेय आणि जबाबदारी सरकारची. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. उद्या त्याच निर्णयावर कोणी न्यायालयात गेले, तर तुमचे पत्र ‘हे न्यायमूर्ती या बाजूचे’ असे म्हणायला विरोधी पक्षाच्या हाती कोलीत देते. ज्यांचा मान राखायला निघालात, त्यांनाच अडचणीत आणता.

म्हणून आभार मानायचे ते कामात खंड पडू न दिल्याबद्दल, निर्णयाबद्दल नाही. राज्यपाल नसताना विधेयके, नेमणुका, विद्यापीठांची कामे, शपथविधी अडून राहिले नाहीत. न्यायालयातले आपले काम काही काळ दुसऱ्यांच्या हाती देऊन, सार्वजनिक वादापासून अंतर राखून एका न्यायमूर्तींनी हा भार वाहिला. यात कुठल्याही पक्षाला, पक्षकाराला, गावाला फायदा-तोटा नाही, आणि म्हणूनच हे आभार निर्मळ राहतात.

विधिमंडळातला ‘आभारप्रदर्शक प्रस्ताव’ यात मिसळू नये. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपाल अभिभाषण करतात, त्याबद्दल तो असतो. मुख्य न्यायमूर्ती कार्यभार पाहत असताना असे अधिवेशन आले तर भाषण त्यांनी वाचायचे, पण मजकूर सरकारचा आणि चर्चाही सरकारच्या धोरणावर. न्यायाधीशाच्या न्यायालयीन वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला अनुच्छेद २११ ने मनाई केलेली आहे.

पत्र कसे लिहावे

वेळ आधी ठरवावी. कार्यभार चालू असताना पत्र पाठवू नये. त्या दिवसांत राज्यपालांच्या सचिवालयात येणारे प्रत्येक पत्र निवेदन म्हणून नोंदले जाण्याची आणि कुठल्या तरी विभागाकडे ‘योग्य कार्यवाहीसाठी’ जाण्याची शक्यता असते. नव्या राज्यपालांनी शपथ घेतली, की त्यानंतरच्या महिनाभरात पाठवणे उत्तम.

पत्ता न्यायालयाचा, राज्यपालांच्या निवासस्थानाचा नाही. पत्र न्यायमूर्तींच्या नावे, ‘मार्फत महानिबंधक’ (उच्च न्यायालयाचा प्रशासकीय कारभार पाहणारे अधिकारी) असे लिहून. मुख्य न्यायमूर्तींची बदली दुसऱ्या उच्च न्यायालयात होते, काही जण सर्वोच्च न्यायालयात जातात, तेव्हा पाठवण्याच्या दिवशी ते कुठे आहेत हे त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. घरच्या पत्त्यावर, मोबाइलवर, ओळखीच्या वकिलाच्या हातून पत्र देणे टाळावे. उघड, नोंद होणारा मार्ग हाच दोघांच्या हिताचा. स्पीड पोस्टने पाठवून पावती दप्तरी ठेवावी.

संबोधनात ‘महामहिम’ नको. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या काळात, २०१२ मध्ये, देशांतर्गत वापरासाठी असे संबोधन बंद करण्याचा निर्णय झाला. ‘माननीय’ पुरेसे आहे. ‘माजी राज्यपाल’ असेही लिहू नये, कारण त्यांची राज्यपाल म्हणून नेमणूक झालेली नव्हती, त्यांनी त्या पदाची कार्ये पार पाडली होती.

मजकूर एका पानात, शंभर-सव्वाशे शब्दांत बसावा. नमुना असा:

प्रति,
मा. न्यायमूर्ती श्री./श्रीमती ……,
मुख्य न्यायमूर्ती, …… उच्च न्यायालय
(मार्फत : महानिबंधक)

विषय : राज्यपालपदाचा कार्यभार सांभाळल्याबद्दल आभार

महोदय/महोदया,
दि. …… ते दि. …… या काळात राज्यपालपद रिक्त असताना आपण त्या पदाची कार्ये पार पाडलीत. न्यायदानाचे आपले मूळ काम बाजूला ठेवून ही जबाबदारी आपण स्वीकारलीत आणि राज्याच्या घटनात्मक कामकाजात खंड पडू दिला नाहीत. तासगाव तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद याबद्दल आपले मनःपूर्वक आभारी आहेत.
आमच्या संस्थेचे कोणतेही प्रकरण न्यायालयात प्रलंबित नाही. या पत्राच्या उत्तराची अपेक्षा नाही.

आपले विश्वासू,
अध्यक्ष / सचिव

‘प्रकरण प्रलंबित नाही’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. आणि संस्थेचा एखादा दावा त्याच उच्च न्यायालयात चालू असेल, तर? माझे स्पष्ट मत असे, की त्या संस्थेने पत्र पाठवूच नये, निकाल लागेपर्यंत थांबावे. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, शिक्षणसंस्था, पाणीपुरवठा संस्था यांच्यापैकी अनेकांचे काही ना काही उच्च न्यायालयात चालू असते. त्यांनी आधी आपल्या वकिलांना विचारावे. प्रलंबित खटल्याबद्दल न्यायाधीशाशी खासगीत पत्रव्यवहार करायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहेच. पक्षकाराने तसे केले आणि त्यात न्यायकार्यात ढवळाढवळ दिसली, तर १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आपल्याकडची जुनी सवय इथे सांभाळावी लागते. आभाराच्या पत्राखाली ‘तसेच आमच्या गावच्या रस्त्याचा प्रश्न…’ अशी एक ओळ जोडायचा मोह होतो. ती ओळ आली की आभार संपले आणि निवेदन सुरू झाले. मागणी वेगळ्या कागदावर, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा संबंधित खात्याकडे.

महाराष्ट्रात मराठीतच लिहावे. मात्र उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सहसा परराज्यातून आलेले असतात, म्हणून सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडणे सोयीचे.

वकील संघटनेचा ठराव

सातारा-सांगलीच्या, किंवा कराड, मिरज, विटा अशा तालुक्यांच्या वकील संघटनांना ठराव करायचा असेल, तर तो विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आधीच छापलेला असावा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो घुसवू नये, कारण मग कोणी तरी ऐन वेळी त्यात एखाद्या निकालाचे कौतुक जोडते आणि सभा टाळ्यांनी ते मंजूर करते. ठरावाची भाषा कार्यकारिणीने लेखी तयार करून सभेत वाचून दाखवावी. सूचक आणि अनुमोदक शक्यतो असे निवडावेत, ज्यांचे त्या न्यायमूर्तींसमोर काही चालू नाही. ठराव संघटनेच्या नावाने आणि अध्यक्षांच्या सहीने जावा. पन्नास वकिलांच्या सह्यांची यादी जोडली की त्यातल्या प्रत्येक नावाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. कार्यवृत्तात ठराव क्रमांक आणि तारीख नोंदवून प्रमाणित प्रत महानिबंधकांकडे पाठवावी. वर्तमानपत्रात बातमी द्यायचीच असेल तर ठरावाचे शब्द जसेच्या तसे द्यावेत, भाषणे नकोत.

भेटी, सत्कार, फलक

७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने न्यायाधीशांच्या आचरणाची सोळा मूल्ये स्वीकारली. त्यात कुटुंब, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून इतर कोणाकडूनही भेटवस्तू किंवा पाहुणचार न घेण्याचे बंधन आहे. पदाच्या प्रतिष्ठेला साजेसे अलिप्तपण राखावे, असेही त्यात म्हटले आहे. त्या वेळी सरन्यायाधीश होते जगदीश शरण वर्मा, म्हणजे वसंतदादांनंतर जयपूरचा कार्यभार पाहिलेले तेच वर्मा.

तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा यांतले काहीही पत्रासोबत जाऊ नये. आपल्या लेखी हा प्रेमाचा प्रसाद असतो. न्यायमूर्तींच्या कार्यालयाला मात्र तो परत पाठवावा लागतो, त्याचा पत्रव्यवहार करावा लागतो, आणि आपल्या प्रेमाचा त्यांना त्रास होतो. शाल, श्रीफळ, चांदीची मूर्ती, मानपत्राची मोठी चौकट, हेही त्यातच आले. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याला निःस्पृहतेचा हा नियम जड वाटू नये.

जाहीर सत्काराचा आग्रह धरू नये. न्यायमूर्ती दुसऱ्या कारणाने जिल्ह्यात आले, न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन असो किंवा विधी महाविद्यालयातले व्याख्यान, तर सूत्रसंचालकाने त्यांच्या त्या सेवेचा एका वाक्यात उल्लेख करणे पुरेसे आहे. व्यासपीठावरचा क्रम ठरवताना लक्षात ठेवावे, की केंद्राच्या मानक्रमात राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या स्थानी असतात आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपल्या अधिकारक्षेत्रात चौदाव्या. कार्यभार संपला की त्यांना पुन्हा मुख्य न्यायमूर्तींच्या स्थानीच बसवायचे. जिल्हाधिकारी कार्यालयातील राजशिष्टाचाराचे काम पाहणाऱ्यांकडून हा क्रम आधी लेखी घेतला, तर ऐन वेळी खुर्च्या हलवाव्या लागत नाहीत.

चौकात ‘हार्दिक आभार’ असा फ्लेक्स, त्यावर न्यायमूर्तींचे छायाचित्र आणि खाली स्थानिक पुढाऱ्यांचे चेहरे, हे तर मुळीच नको. समाजमाध्यमांवर त्यांच्यासोबतचा जुना फोटो टाकून आभार मानणेही त्याच जातीचे. छायाचित्रातली जवळीक उद्याच्या एखाद्या खटल्यात कोणाच्या तरी मनात शंका पेरते, आणि ती शंका खोडून काढण्याची सोय न्यायमूर्तींकडे नसते. ते पत्रक काढू शकत नाहीत, मुलाखत देऊ शकत नाहीत.

पत्र पोचल्यावर उत्तर आले नाही तर वाईट वाटून घेऊ नये आणि स्मरणपत्र तर मुळीच पाठवू नये. कधी महानिबंधक कार्यालयाकडून दोन ओळींची पोच येते. ती पत्राच्या प्रतीसोबत संस्थेच्या आवक-जावक नोंदवहीत क्रमांक घालून लावावी, चौकटीत बसवून भिंतीवर टांगू नये.